मुदतीचा ताप आणि टेपवाडीचा मान

टायफॉइडच्या रोग्याची नाडी आळशी असते. इतर तापात अंग एक डिग्रीने तापलं की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. हा हिशेब मी शिकाऊ असताना पाठ केला आणि तो सहसा चुकत नाही. टायफॉइडमध्ये मात्र थर्मामीटर एकशे चार दाखवतो आणि नाडी अठ्ठ्याऐंशीवर निवांत चालत असते. माणूस भाजून निघतोय आणि नाडीला त्याची बातमीच नाही. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी माझ्या मनात शंका येते ती इथून. ती दर वेळी खरी ठरते असं नाही, पण ठरली की मला बरं वाटतं. दुसऱ्याला टायफॉइड निघाल्यावर बरं वाटणं चांगलं नव्हे, हे मला कळतं. पण कामाचा अभिमान माणसाला कुठे सापडेल ते सांगता येत नाही.

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या खाजगी रुग्णालयात परिचारक आहे. 'परिचारक' हा शब्द फक्त पगाराच्या कागदावर. वॉर्डात मी 'ब्रदर'. खेड्यातून आलेली माणसं मला डॉक्टर म्हणतात, मी दुरुस्त करतो, मग ती 'छोटे डॉक्टर' म्हणतात आणि मी नाद सोडतो. आता आमच्याकडेही सगळ्या नोंदी संगणकावर होतात, पण टायफॉइडच्या रोग्याचा तक्ता मी अजून कागदावर काढतो. ताप निळ्या शाईत, नाडी लाल शाईत. आकडे नुसते एकाखाली एक लिहिले तर मुके राहतात. त्यांची रेघ काढली की बोलायला लागतात. माझी बायको मेधा शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, "तुम्ही माणूस बघत नाही, रेघ बघता." मी म्हणतो, रेघ बघितली म्हणून माणूस बघायला मिळतो.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर टायफॉइड हा घाण पाण्यातून येणारा आजार. आमच्याकडे त्याला जुनी माणसं 'मुदतीचा ताप' म्हणतात, कारण तो आपली मुदत भरल्याशिवाय जात नसे. आता औषधं चांगली आहेत. वेळेवर सुरू झाली तर बहुतेक माणसं पेज पीत पीत बरी होतात आणि नंतर महिनाभर केस गळतात म्हणून आरशासमोर कुरकुरतात. लोकांना वाटतं हा पोटाचा आजार. जंतू पोटातून शिरतात हे खरं, पण एकदा रक्तात उतरले की त्यांना सगळं अंग मोकळं. यकृत, पित्ताशय, हाडं, हृदय, मेंदू, कुठेही जाऊन बसतात. कुणाकडे जातील याचा नेम नाही. मला जे रोगी आठवतात ते हे, वाकड्या वाटेने गेलेले.

पहिली गोष्ट लाल रेघेची. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला आतून जखमा झालेल्या असतात. एखादी जखम फुटून आतड्याला भोक पडलं, तर ताप अचानक उतरतो आणि नाडी धावायला लागते. तक्त्यावर निळी रेघ खाली येते, लाल रेघ वर जाते आणि दोघी एकमेकींना छेदतात. ती फुली दिसली की आम्ही सर्जनला फोन करतो. नातेवाइकांना मात्र लाल रेघ दिसत नाही, त्यांना फक्त ताप उतरलेला कळतो. एका एसटी कंडक्टरच्या भावाने असाच ताप उतरल्याच्या आनंदात वॉर्डभर पेढे वाटले होते. मी हातात पेढा घेऊन कंडक्टरच्या खाटेशी गेलो, त्याच्या पोटाला हात लावला, तर पोट फळीसारखं कडक. त्याची नाडी एकशे चाळीस. भाऊ म्हणत होता, "खावा हो ब्रदर, तोंड गोड करा." आणि मी ट्रॉली ओढत होतो. ऑपरेशन झालं, तो वाचला, अजूनही भेटला की तिकीट न फाडता हसतो. पण त्याच्या आधी अशीच फुली पडलेले दोघं माझ्या डोळ्यांदेखत गेले, कारण ते आमच्यापर्यंत आले तेव्हा उशीर झाला होता. म्हणून आजही ताप उतरला म्हणून कुणी पेढे आणले, तर मी आधी नाडी बघतो.

दुसरा, बुरोंडीचा एक तांडेल. मासेमारीच्या होडीचा मुख्य तो तांडेल. इथे बहिणीकडे आला असताना तापाने पडला. ताप गेला, घरी गेला, आणि आठवड्यात बहीण त्याला परत घेऊन आली. तो चालताना दोन्ही बाजूंना झोकांड्या खात होता आणि जीभ जड झाली होती. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस, गळ्यात माळ. बहीण दारातच ओरडली, "ह्या वयात प्यायला शिकला हो! कुणी पाजली ता पण सांगत नाय!" तो बिचारा "नाय गो, नाय गो" म्हणत होता, पण तेही दारुड्यासारखंच ऐकू येत होतं. डॉक्टरांनी त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं, ते कानाला गेलं. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग टायफॉइडने बिघडला होता. काही आठवड्यांनी तो आपोआप सरळ चालू लागला. जाताना मला म्हणाला, "ब्रदर, एक चिठ्ठी द्या, मी पीत नाय म्हणून." डॉक्टरांनी खरंच लिहून दिली.

पण हे दोघं प्रस्तावनेपुरते. सांगायचं आहे ते शांतारामचं.

शांताराम संगमेश्वरच्या आतल्या अंगाच्या एका गावातला शेतकरी. पन्नाशीच्या आसपासचा, काटक. काही वर्षांपूर्वी माघात त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा त्याने दोन आठवडे ताप अंगावर काढला होता. त्यांच्या वाडीला वरच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी नळाने येतं, आणि त्या हिवाळ्यात वाडीतली आणखी तीन माणसं तापाने पडली होती. ती साध्या औषधांनी सुधारली. शांताराम नाही. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुणाकडे नव्हते. बोटं चादरीवरून काहीतरी वेचत होती, नसलेली सुतं नसलेल्या सुतांना जोडत होती. ओठ सारखे हलत होते. टायफॉइडचं विष डोक्यात चढलं की माणूस असा होतो. ताप एकशे चार पूर्णांक दोन, नाडी ब्याण्णव.

त्याच्याबरोबर त्याची बायको सुगंधा होती. तिने त्याच्या तोंडाशी कान नेला आणि मला म्हणाली, "भाऊ, ह्यो गाऱ्हानं घालतोय. शिमग्याचं."

"मला तर नुसती कुजबुज ऐकू येते."

"म्हंजे काय. तुमी काय आमच्या गावचं?"

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण हा अंक घाटावरही जातो म्हणून सांगतो. देवासमोर सगळ्या गावाच्या वतीने एक माणूस मोठ्याने मागणं मागतो. एक वाक्य तो म्हणतो आणि जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' मग पुढचं वाक्य. त्यांच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधोमध असलेल्या दगडी चौथऱ्यावर बसते, आणि तिथे वर्षाचं मोठं गाऱ्हाणं होतं. ते घालायचा मान शांतारामच्या घराण्याचा. आधी आजोबा, मग बाप, मग हा. कुठेही लिहिलेलं नाही, ऐकून ऐकून पाठ. त्यात देवांची नावं, मग वाड्यांची नावं, मग मागणं. वाड्यांचा क्रम म्हणजे मान. तो चुकला की भांडण. शांतारामच्या आजोबांच्या काळी एकदा क्रम चुकला होता, तेव्हा टेपवाडीवाल्यांनी पालखीला खांदा द्यायचं नाकारलं आणि देवी संध्याकाळपर्यंत सहाणेवर बसून राहिली.

सुगंधाने मला हेही सांगितलं, की एरवी हा माणूस बोलत नाही. "घरात 'जेवन', 'पानी' आणि 'गुरं सोड', एवडंच. वर्साचं समदं बोलनं ह्यो देवीम्होरं बोलून टाकतो."

डॉक्टरांनी औषधं बदलली. निळी रेघ पायरी पायरीने खाली आली आणि लाल रेघ तिच्याबरोबर शहाण्यासारखी खाली राहिली. फुली पडली नाही. शांताराम डोळे उघडून माणसांकडे बघू लागला, पेज गिळू लागला, हात वर कर म्हटलं की वर करू लागला. मी त्याला विचारलं, "नाव काय तुमचं?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमच्या बायकोचं नाव?" त्याने सुगंधाकडे पाहिलं, म्हणजे त्याला प्रश्न कळला होता. ओठ उघडले. आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, डोक्याचा फोटो काढून आणला. सगळं जागच्या जागी. त्यांनी सुगंधाला खुर्चीवर बसवून समजावलं, "वहिनी, जीभ चांगली आहे, डोकं चांगलं आहे. तापाने मेंदूची बोलण्याची जागा दमवलीय. लहान मुलांमध्ये हे जास्त दिसतं, मोठ्यांत क्वचित. बहुतेक परत येतं."

"कवा?"

"ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टरांची हीच गोष्ट मला आवडते. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतात. सुगंधाला मात्र ती त्या दिवशी अजिबात आवडली नाही.

गावातून भेटायला येणाऱ्यांचा रोग वेगळाच. एक म्हातारी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "वाचा देवीनं नेलान. गाऱ्हान्यात कायतरी ऱ्हायलं असंल गेल्या वर्साला."

सुगंधा उसळली. "देवी काय करंल ह्याची वाचा न्हेवन? तिला काय बोलायला कमी हाय?"

म्हातारी गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "भाऊ, मला त्याचं गाऱ्हानं नको. मान जावंदे कुटं जायचा तो. मला नुसती शिवी घातलान तरी चालंल."

डॉक्टरांनी एक युक्ती सुचवली होती. विचार करून बोलायची वाट आणि पाठांतराची वाट मेंदूत थोड्या वेगळ्या असतात. पहिली बंद असली तरी दुसरी कधी कधी उघडी असते. म्हणून रोग्याला आकडे म्हणायला लावावेत, आरती म्हणायला लावावी, तोंडात बसलेलं काहीही. हे काम माझ्याकडे आलं, आणि मला आकड्यांपेक्षा बरं काही सुचणं शक्य नव्हतं. रोज सकाळी रक्तदाब घेताना मी सुरू करायचो, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक...?" आणि त्याच्या तोंडाकडे बघायचो. तो माझ्याकडे दयेने बघायचा. बेचा झाला, पाचाचा झाला, दहाचा झाला. एक दिवस सुगंधा म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. ह्यो दुसरीतून शाळा सोडलेला. पाडं त्याला कवाच येत नव्हतं."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी यवड्या हौसेनं म्हनत हुतात."

आरतीही झाली. आरतीत त्याचे ओठ थोडे हलले, एवढंच.

शिमगा जवळ येत होता. गावचे गावकर, म्हणजे गावकीचे प्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, एका दुपारी आले. उंच, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. ते शांतारामजवळ बसले, त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्याशीच बोलले, माझ्याशी नाही.

"शांताराम, गाव बसला हुता काल. देवीचं काम थांबवता येत नाय. तुज्या चुलत्याचा दिनेश म्हंबईस्नं येतोय. औंदा तो घालंल. घरातलाच मान घरातच ऱ्हातोय. तुला काय म्हनायचा हाय?"

शांतारामने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. आबा उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्याच्या जागी मी असतो तर मी बी तोंड फिरवला असता. पन अर्धवट ऱ्हायलेलं गाऱ्हानं गावाला चालत नाय, ब्रदर. त्यापेक्षा दुसऱ्यानं केलेलं बरं."

मला त्यांचं म्हणणं पटलं आणि आवडलं नाही, दोन्ही एकदमच.

दिनेश आला तो पाठीला सॅक, डोळ्यांत झोप. विरारला राहणारा, मुंबईत एका सोसायटीत लिफ्ट चालवणारा, तिशीचा पोरगेला माणूस. मान मिळाल्याचा आनंद वगैरे काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. तो घाबरला होता.

"वैनी, मला नाय जमायचं. लिफ्टमंदे मी 'कितवा माळा' यवडंच बोलतो दिवसभर."

"मग गावाला सांग तसं."

"आबांना कोन सांगनार?"

त्याच्या मोबाइलमध्ये गेल्या शिमग्याचा व्हिडिओ होता. त्याने तो आम्हाला लावून दाखवला. ढोल अगदी स्पष्ट ऐकू येत होता. 'व्हय म्हाराजा' स्पष्ट ऐकू येत होतं. मधलं शांतारामचं एक अक्षरही नाही. काढणारा ढोलवाल्याच्या बाजूलाच उभा होता. "हेच्यावरनं मी काय शिकू?" दिनेश म्हणाला. "म्हनून म्हटलं, दादासमोर म्हनून बघतो. चुकलं तर दादा हातानं तरी सांगंल."

मी त्या वेळी शांतारामच्या हाताची सुई बदलत होतो. दिनेशने चप्पल काढली, हात जोडले आणि डोळे मिटून सुरू केलं. आवाज बरा होता. देवांची नावं तो एकेक आठवून घेत गेला. शांताराम डोळे मिटून ऐकत होता. माझ्या हातात त्याचं मनगट होतं म्हणून मला कळलं, की नाडी हळूहळू वाढतेय.

"...आनि म्हाराजा, आज ही तुजी लेकरं सहानंवर गोळा झाली हायत. मधल्या वाडीची, टेपवाडीची, तळेवाडीची..."

मनगट माझ्या हातातून निसटलं. सुई अजून चिकटपट्टी न लावलेली, ती जमिनीवर. शांताराम अर्धा उठून बसला होता आणि त्याने दिनेशचा शर्ट धरला होता. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली, ओठ दोनदा उघडले, मिटले.

"आदी..." तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "आदी... टेपवाडी."

त्याच्या हातातून रक्ताचा थेंब चादरीवर पडला, तो पुसायचं मला सुचलं नाही.

"आदी टेपवाडी," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा सरळ. "पालखीचं... लाकूड... त्यांचं."

दिनेश मटकन खाली बसला. सुगंधा भिंतीला पाठ लावून उभी होती. ती हसतेय की रडतेय ते मला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "यवडं दिस मी उशाशी बसले. आनि पयला शबूद टेपवाडीचा!"

डॉक्टर आले, त्यांनी शांतारामला विचारलं, "नाव काय?" ओठ नुसते हलले. "हे काय आहे?" म्हणून पेला दाखवला. काही नाही. मग ते दिनेशला म्हणाले, "तुम्ही चुकत राहा." दिनेशला यापेक्षा सोपं काम आयुष्यात कुणी दिलं नसेल. पुढचे काही दिवस तो सकाळ-संध्याकाळ येऊन मनापासून चुकायचा. सुरुवातीला खरंच चुकायचा, नंतर मुद्दाम. शांतारामला मुद्दाम चुकलेलं लगेच कळायचं; तेव्हा तो काही न बोलता दिनेशच्या डोक्यात टपली मारायचा. खरी चूक झाली की मात्र शब्द यायचे. एका नावामागून दुसरं, मग अर्धं वाक्य, मग पूर्ण वाक्य.

गंमत अशी, की आधी त्याला गाऱ्हाण्याबाहेरचं काही बोलता यायचं नाही. पाणी हवं असलं तरी वाट तीच. एकदा मी खाटेजवळून जात असताना मागून हाक आली, "म्हाराजा!" मी वळलो. तो हात जोडून म्हणाला, "म्हाराजा, आज तुजं लेकरू... तानेलं हाय." मी पेला भरून दिला. शेजारच्या खाटेवरचा रोगी पोट धरून हसला आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर वॉर्डात माझं 'ब्रदर' मागे पडलं. सफाईवाली मावशीसुद्धा विचारायची, "म्हाराजा, फिनेल कुटं ठेवू?" हळूहळू शांतारामचं 'म्हाराजा' गळून पडलं आणि नुसतं 'पानी' राहिलं. मला थोडं वाईटच वाटलं.

घरी सोडायच्या दिवशी तो पंधरा-वीस शब्दांची वाक्यं सावकाश बोलत होता, पण मध्येच शब्द सापडायचा नाही आणि तो विहिरीत बघितल्यासारखा आत बघत थांबायचा. आबा त्याला न्यायला आले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सहानंवर निभंल काय?"

"सांगता येत नाही. गर्दी, ढोल, ताण. अडकू शकतो."

आबांनी शांतारामकडे पाहिलं. शांतारामने आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी." दिनेश लगेच म्हणाला, "मी मागं उबा ऱ्हातो, आबा. अडला तर मी धरतो." त्याची सगळी भीती या एका बढतीने गेलेली दिसत होती, पुढे उभं राहायच्या ऐवजी मागे उभं राहायचं होतं.

रिक्षात बसताना आबा मला म्हणाले, "तुमी या शिमग्याला. अडला तर तुमचा रोगी, नाय अडला तर आमचा मानकरी."

मेधा आणि मी गेलो. हातखंब्यावरून हायवेने संगमेश्वर, मग आत. मी कधी रोग्याच्या मागे त्याच्या गावात गेलो नव्हतो. आमचा संबंध दारातून बाहेर पडेपर्यंतचा. सहाणेभोवती वाडीवाडीची माणसं जमली होती. पुरुष पुढे, बायका मागे वडाखाली. पालखी सहाणेवर बसली, ढोल थांबला, आणि शांताराम पुढे झाला. नवा सदरा त्याच्या हाडांवर लटकत होता. मी सवयीने त्याच्या चेहऱ्याचा रंग बघितला, श्वास बघितला. मागे दिनेश, हात जोडून, ओठ आधीच हलवत.

त्याने सुरू केलं. सावकाश, प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन बघावा तसं. देव झाले. "व्हय म्हाराजा!" आवाज असा उठला की मेधाने माझा हात धरला. मग वाड्या. आधी टेपवाडी. टेपवाडीवाल्यांकडून 'व्हय म्हाराजा' जरा जास्तच जोरात आलं. मधली वाडी, तळेवाडी, सगळ्या नीट झाल्या. मागणं सुरू झालं. पाण्याचं झालं, पिकाचं झालं, मुंबईला गेलेल्यांचं झालं.

"आनि म्हाराजा, औंदा ह्या गावात..."

तो थांबला.

मला वाटलं, दम घेतोय. पण दम घेऊन झाला तरी शब्द आला नाही. त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. हॉस्पिटलमध्ये बघायचा तसा तो आत बघत होता. ढोलवाल्याने सांभाळून घ्यायला टिपरू उचललं. आबांनी हाताने त्याला थांबवलं. दिनेश पुढे झुकला, कानाशी काहीतरी म्हणणार होता. शांतारामने मान न वळवता हात वर केला. दिनेश मागे झाला. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. टेपवाडीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांचा चेहरा दगडासारखा. अर्धवट राहिलेल्या गाऱ्हाण्याबद्दल ते मला जे बोलले होते, ते आता त्यांच्या अंगावर आलं होतं. शांतारामचे डोळे पाण्याने भरले. हात जोडलेलेच होते, पालखीकडे.

"व्हय म्हाराजा!"

आवाज मागून आला, वडाखालून. एकटा, बाईचा, थोडा चिरका. बायकांनी आधी म्हणायची तिथे रीत नाही. सगळ्यांच्या माना वळल्या. सुगंधा दोन्ही हात जोडून उभी होती, डोक्यावरचा पदर घसरलेला.

मग आबांनी टोपी सरळ केली, पालखीकडे तोंड केलं आणि खणखणीत म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्यामागून टेपवाडी, मधली वाडी, तळेवाडी, सगळा गाव, बायकासुद्धा, "व्हय म्हाराजा!" त्या न म्हटलेल्या वाक्याला एवढा मोठा होकार मिळाला, जेवढा आधीच्या एकालाही मिळाला नव्हता.

शांतारामने डोळे पुसले. ते मागणं मान्य झालं असं समजून तो पुढच्या वाक्यावर गेला आणि शेवटपर्यंत न अडखळता गेला.

पालखी नाचायला उठली तेव्हा सुगंधा आमच्याजवळ आली. मेधाने तिला विचारलं, "वहिनी, तिथे तर ते काहीच बोलले नव्हते. तुम्ही 'व्हय' कशाला म्हणालात?"

सुगंधाने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"मागितलान की," ती म्हणाली. "तुमाला नाय ऐकू आलं?"